समुद्राचा मुहूर्त

माझी कन्या विक्रोळीच्या एका कचेरीत बसून समुद्रातल्या पवनचक्क्यांची प्रकृती पाहते. हे वाक्य मी सोसायटीत अनेकांना सांगितले आहे आणि बहुतेकांनी ते ऐकून घेऊन विषय बदलला आहे. त्याचा नेमका अर्थ उमगायला मलाही दोन वर्षे लागली. त्या पवनचक्क्या आपल्या समुद्रात नाहीत. युरोपच्या उत्तरेला, किनाऱ्यापासून बोटीने काही तासांच्या अंतरावर, थंड आणि खवळलेल्या पाण्यात त्या उभ्या आहेत. त्यांची नाडी मात्र पूर्व द्रुतगती महामार्गालगतच्या एका इमारतीत, सहाव्या मजल्यावर, खाडीतल्या खारफुटीकडे तोंड करून बसलेल्या आठ-दहा जणांच्या हाती असते.

मी आयुष्यभर संस्कृत शिकवले. बालपण कोकणातल्या एका पाठशाळेत वेदाध्ययनात गेले, पुढची छत्तीस वर्षे उपनगरातल्या एका शाळेत शब्दरूपे आणि संधी यांत गेली. निवृत्त झाल्यावर, मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत ज्याला कुणाला पंचांग पाहायचे असेल तो आमच्या तिसऱ्या मजल्यावर येऊ लागला. वास्तुशांती, मुंज, नव्या गाडीची पूजा. यंत्रांशी माझा संबंध एवढाच.

एकदा जेवताना मी मुलीला म्हणालो, "तू रोज नेमके काय करतेस, ते मला पूर्वपक्षापासून, अगदी पहिल्यापासून सांग."

तिने ताटातला हात उचलला. "बाबा, जमिनीवरची चक्की बिघडली तर माणूस गाडी काढून जातो. समुद्रातलीला तसं जाता येत नाही. लाटा उंच असल्या तर बोट खांबाला लागतच नाही. म्हणून बिघडायच्या आधी कळायला हवं. आणि कळल्यावर, जायला मिळेल तेव्हा लगेच जायला हवं. झालं. एवढंच काम आहे आमचं."

"जायला मिळेल तेव्हा म्हणजे केव्हा?"

"लाटा काही तास खाली राहतील तेव्हा. त्या वेळेला आम्ही विंडो म्हणतो."

"खिडकी?"

"हसू नका हं."

मी हसलो नव्हतो. "आपल्याकडे याला शब्द आहे. मुहूर्त."

तिने तो शब्द दुसऱ्या दिवशी कचेरीत नेला. आठवड्याभरात तो मजलाभर पसरला. कुणी विचारी, बुधवारचा मुहूर्त आहे का. कुणी सांगे, मुहूर्त टळला, आता सोमवारी. माझ्या पंचांगातला शब्द परदेशी समुद्रावरच्या बोटी हाकू लागला याचा मला अभिमान वाटला. तो अभिमान मी येथे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे जे घडले त्यात त्याचाही भाग आहे.

एका रविवारी तिने आम्हा दोघांना, म्हणजे मला आणि तिच्या आईला, दोन ध्वनी ऐकवले. खांबाच्या माथ्यावर एक खोली असते. तिच्यात पात्यांचे फिरणे वेगवान करणारा गिअरबॉक्स असतो आणि त्याच्या अंगावर कंपने टिपणारी बोटभर यंत्रे लावलेली असतात. ती कंपने कानाला ऐकू येतील अशी करून तिने लॅपटॉपवर लावली. पहिला ध्वनी झाला, दुसरा झाला.

"काही फरक वाटतो?"

तिची आई म्हणाली, "दोन्हीकडे आपला मिक्सर वाटतो."

मी डोळे मिटून पुन्हा ऐकले. पाठशाळेत आमचे गुरुजी पाठमोरे बसत आणि चाळीस मुलांच्या घोषातून कुणाचा स्वर कोठे घसरला ते नाव घेऊन सांगत. तो कान थोडाफार माझ्याकडेही आला आहे. "दुसऱ्यात प्रत्येक आवर्तनाला एका ठिकाणी ठेच लागते आहे," मी म्हणालो. "अगदी बारीक. पण दर वेळी त्याच जागी."

मुलगी म्हणाली, "आमच्या नव्या पोरांना हे ऐकायला सहा महिने लागतात, बाबा. बेअरिंगला तडा आहे. अजून चार-सहा महिने चालेल. पण तो तडा आपोआप बरा होणार नाही."

तिच्या आईने पदराने चष्मा पुसला आणि म्हणाली, "यांना बाहेरचं सगळं ऐकू येतं."

आम्ही तिघेही हसलो.

माझी पत्नी रोज सकाळी देवासमोर बसून मोठ्याने स्तोत्रपाठ करीत असे. विवाहानंतर मीच तिला ते स्तोत्र शिकवले होते. दोन चरण एका श्वासात, मग विराम, अशी आमची पद्धत. त्याच सुमारास ती चरणाच्या मध्येच थांबू लागली. मी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत असे. पहिल्या दिवशी दुर्लक्ष केले. तिसऱ्या दिवशी आतून म्हणालो, "अगं, यती मोडते आहेस. चरण पुरा झाल्याखेरीज थांबू नये."

"बरं," ती म्हणाली.

पुढच्या दिवशी पुन्हा तेच. मी पुन्हा सांगितले. मग काही दिवसांनी तिचा स्वर ऐकूच येईना. डोकावून पाहिले तर ती डोळे मिटून, ओठही न हलवता बसली होती. मला फार आनंद झाला. वाचिक जपाहून ओठांतल्या ओठांत केलेला उपांशु जप श्रेष्ठ आणि त्याहून मानस जप श्रेष्ठ, असे आमच्या परंपरेत मानतात. दुपारी मी तिला म्हणालो, "तुझी साधना एक पायरी वर गेली."

तिने माझ्यासमोर ताकाचे भांडे ठेवले.

तिला दम लागत होता. दोन चरणांना पुरेल एवढा श्वास तिच्यापाशी उरला नव्हता, आणि मला दोष दाखवावा लागू नये म्हणून तिने मोठ्याने म्हणणेच थांबवले होते.

मुलीला ते कळले ते वेगळ्या मार्गाने. आमची लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद होती. भाजी घेऊन दोघी जिन्याने वर आल्या आणि चपला काढता काढताच मुलगी म्हणाली, "आई, दिवाळीत लिफ्ट बंद होती तेव्हा तू दुसऱ्या मजल्यावर टेकली होतीस. आज पहिल्यावरच टेकलीस."

"वय झालं गं."

"वय एका वर्षात एक मजला खाली येत नाही."

तपासणीला आणखी महिना गेला, कारण मध्ये गणपती होते आणि आमच्याकडे सात दिवसांचा गणपती असतो. त्याच सात दिवसांत मुलीच्या कचेरीतले एक गृहस्थ दर्शनाला आले. ते पश्चिमेच्या किनाऱ्यावरील एका जुन्या कोळीवाड्यातले, पन्नाशी उलटलेले. वडिलांच्या होडीवर पंधरा वर्षे काढून, गुडघे गेल्यावर ते संगणक शिकले. मुलीच्या मजल्यावर लाटांचे अंदाज तेच पाहतात. बोटीने निघावे की नाही, हा त्यांचा शब्द.

"गुरुजी, तुमचं पंचांग बरं," प्रसाद हातात घेत ते म्हणाले. "एकदा छापलं की वर्षभर सुट्टी. आमचं दर सहा तासांनी बदलतं."

"अहो, पण मुहूर्त शब्द माझा."

"शब्द तुमचा, दर्या आमचा." मग ते माझ्या पत्नीकडे वळले. "वहिनी, हिचं लग्न का जमत नाय, मला समजलं. हिच्या पत्रिकेत मंगळ नाय, गिअरबॉक्स हाय."

"मग गिअरबॉक्सची शांत करून घेऊ हो," ती म्हणाली. "गुरुजी घरातलेच आहेत."

मुलगी दोघांवर डाफरली. हसता हसता पत्नीला खोकला आला आणि ती भिंतीला टेकली. कोळी गृहस्थांचे हसू थांबले. निघताना दारात त्यांनी मला हलकेच विचारले, "वहिनींना दाखवलंत काय?"

"विसर्जन झाले की दाखवणार आहोत."

ते चपला चढवत म्हणाले, "आमचा बापूस सांगायचा, दर्या बंद हाय तोवर थांबायचं. त्यात लाज नाय. पण दर्या उघडा असताना जो थांबला तो कोळी नाय." मग बहुधा आपण मोठ्यांना शिकवले असे त्यांना वाटले. त्यांनी मला वाकून नमस्कार केला.

घाटकोपरच्या एका रुग्णालयात तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप कठीण होऊन इतकी अरुंद झाली होती की रक्त तिच्यातून कसेबसे जात होते. डॉक्टर तरुण, मृदू बोलणारे होते. औषधाने हे सुधारणार नाही, झडप बदलावी लागेल, असे त्यांनी सांगितले. "येत्या मंगळवारची जागा मोकळी आहे. सोमवारी दाखल व्हा."

घरी येऊन मी पंचांग उघडले. मला ते उघडायची आवश्यकता नव्हती. भाद्रपदातली पौर्णिमा झाली आहे हे मला पाठ होते. मंगळवारी पंचमी होती. पितृपक्ष लागला होता.

त्या संध्याकाळचे बोलणे मला शब्दशः आठवते. मुलगी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. पत्नी पाटावर बसून वाती वळत होती.

"अमावास्येपर्यंत थांबू," मी म्हणालो. "दुसऱ्या दिवशी घटस्थापना आहे. देवीच्या दिवसांत होऊन जाईल. बारा-तेरा दिवसांचा प्रश्न आहे."

मुलगी म्हणाली, "डॉक्टर मंगळवार म्हणाले आहेत."

"पितृपक्षात आपण नवे वस्त्रही विकत घेत नाही. शरीरावर शस्त्र कसे लावायचे?"

"मध्ये काही झालं तर?"

"दिवाळीपासून आजवर दहा महिने निघाले. बारा दिवस निघणार नाहीत?"

मला वाटले होते की ती भांडेल. कचेरीत ती वरिष्ठांशीही भांडते, हे मला ठाऊक होते. तिने आईकडे पाहिले. "आई, तुझं काय?"

पत्नीने वात तेलात बुडवून ताटलीत ठेवली. "यांना बरं वाटेल तसं करा. पण अमावास्या झाली की लगेच हं."

मुलगी म्हणाली, "ठीक आहे. मग तोवर तुझा भार कमी करायचा. जिना नाही, पाणी भरणं नाही, वाकणं नाही."

"भार कमी करायचा म्हणजे?"

"आमच्या चक्कीचं बेअरिंग दुखत असलं आणि बोट जाऊ शकत नसली की आम्ही तिला हळू फिरवतो. बोट पोचेपर्यंत जीव टिकावा म्हणून."

"बरं बाई. मला हळू फिरव," पत्नी म्हणाली.

रुग्णालयात दूरध्वनी मीच केला. तिकडचा आवाज म्हणाला की मंगळवारची जागा दुसऱ्या रुग्णाला दिली जाईल, तुम्हाला घटस्थापनेनंतरच्या गुरुवारची देतो, पण मध्ये थोडाही त्रास वाटला तर तडक या. मी आभार मानले.

आता मला जे लिहायचे आहे ते कुणालाही सांगितलेले नव्हते. आमच्या परंपरेत आतुराला, म्हणजे रुग्णाला, नियम नसतो. तिथी, वार, पक्ष, सोवळे, काहीही रुग्णाच्या आड येत नाही. हे मला दहाव्या वर्षापासून ठाऊक आहे. सोसायटीतल्या किती जणांनी मला विचारले असेल: गुरुजी, अमावास्येला ऑपरेशन आहे, चालेल का? ग्रहणात बाळंतपण आले तर? प्रत्येकाला मी एकच उत्तर दिले, की आतुराला नियम नाही, निःशंक जा. एकालाही मी थांबवले नाही. माझ्या घरी मात्र मी पंचांग उघडले. तिची छाती कापून उघडतील, ती त्या मेजावरून परत येणार नाही, याचे मला भय होते. आणि ते भय उघडे दिसू नये म्हणून मी त्यावर शास्त्राचे वस्त्र पांघरले. ज्या ज्ञानाने मी परक्यांना निर्भय केले ते स्वतःच्या पत्नीसाठी माझ्या मुखातून निघाले नाही.

त्याच पंधरवड्यात मुलीच्या एका पवनचक्कीचे बेअरिंग शेवटच्या अवस्थेला आले. आम्हाला तिने ज्याचा ध्वनी ऐकवला होता तेच हे. तेलाच्या नमुन्यात धातूचे कण दिसू लागले होते. दहा दिवस समुद्र बंद होता. चक्की हळू फिरवून ठेवली होती. मग कोळी गृहस्थांनी सांगितले की शनिवारपासून दीड दिवस लाटा खाली येतील. परदेशातले वरिष्ठ म्हणत होते की पुढच्या महिन्यात ठरलेली भेट आहेच, तेव्हाच जहाज पाठवू. एका चक्कीसाठी एवढे जहाज कशाला. मुलगी त्या दिवशी घरून काम करीत होती. बंद दारातून तिचा आवाज ऐकू येत होता. ती इंग्रजीत बोलत होती, पण मध्ये एकदा तिच्याच मजल्यावरच्या कुणाला मराठीत म्हणाली, "अरे, थांबणं हा पण एक निर्णयच असतो ना? मग त्याच्याखाली पण कुणीतरी सही करा."

पत्नी आणि मी बाहेर बसून ऐकत होतो. आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही.

जहाज गेले. माणसे वर चढली, बेअरिंग बदलले, आणि लाटा पुन्हा वाढण्याच्या आधी उतरली. दशमीच्या संध्याकाळी मुलगी घरी आली ती हसतच.

"वाचली का गं तुझी?" तिच्या आईने विचारले.

"वाचली."

"छान झालं. हात धू. चहा टाकते."

"तू बस. मी टाकते."

माझ्या वडिलांची तिथी द्वादशी. आदल्या दिवशी, एकादशीला सकाळी, मुलगी कचेरीत गेल्यावर पत्नी दुसऱ्या दिवशीच्या श्राद्धासाठी गवार निवडायला बसली. मी म्हणालो, राहू दे, मी निवडतो. "तुम्ही शेंगांच्या शिरा तशाच ठेवता," ती म्हणाली. मी देवघरात गेलो. संध्या आटोपून उठलो तेव्हा ती तशीच भिंतीला टेकून बसलेली दिसली. निवडलेल्या शेंगा एका बाजूला होत्या, न निवडलेल्या मांडीवर. मी दोनदा हाक मारली. नंतर मी काय केले त्याचा क्रम मला सांगता येत नाही. शेजारची माणसे आली, रुग्णवाहिका आली. लिफ्ट त्या दिवशी चालू होती.

लोक समाचाराला आले ते सर्व श्रद्धावान लोक, माझ्याच शिकवणीतले. एकादशीला गेली, म्हणाले. सवाष्ण गेली. पितृपक्षात स्वर्गाची दारे उघडी असतात, गुरुजी, आम्ही तुम्हाला काय सांगावे. त्यांपैकी एकही वाक्य असत्य आहे असे मला म्हणता येत नाही, आणि प्रत्येक वाक्य ऐकताना माझी मान खाली जात होती. कोळी गृहस्थ तेराव्याला आले, कोपऱ्यात बसले, एक शब्दही न बोलता गेले. त्यांचे ते न बोलणे मला पुरेसे झाले.

मुलीने मला दोष दिला नाही. मी त्याची वाट पाहिली. तिच्या कचेरीत एखादी चक्की बंद पडली की अहवाल लिहितात. त्यात कुणा माणसाचे नाव घालायचे नाही आणि "का" हा प्रश्न पाच वेळा विचारायचा, असा नियम आहे. चक्की का थांबली? बेअरिंग फुटले. बेअरिंग का फुटले? ग्रीस पोचले नाही. असे खाली खाली जायचे, मूळ सापडेपर्यंत. या पद्धतीने दर वर्षी त्यांच्या चक्क्या कमी बिघडतात, असे तिने मला एकदा उत्साहाने सांगितले होते. मी संध्येनंतर आसनावर बसून मनातल्या मनात तो अहवाल लिहीत असे. तिसऱ्या प्रश्नापर्यंत पोचत असे आणि उठून जात असे.

ती घरात सर्व करीत होती. माझी औषधे, माझे डबे, दिवा लावणे. आमच्यात कडवटपणा नव्हता. फक्त पवनचक्क्यांविषयी ती बोलेनाशी झाली आणि मीही विचारेनासा झालो. कचेरीत "मुहूर्त" शब्द अजून चालतो की नाही, हे मला ठाऊक नाही.

पतीच्या आधी गेलेल्या स्त्रीचे श्राद्ध पितृपक्षातल्या नवमीला असते. तिला अविधवा नवमी म्हणतात. वर्षश्राद्ध पूर्ण झाल्याशिवाय ते करता येत नाही, म्हणून आमच्याकडे ती तिथी प्रथम आली ती दोन वर्षांनी, गेल्या भाद्रपदात. जो पक्ष मी ढाल म्हणून पुढे केला, तोच आता दर वर्षी तिचा असणार आहे.

त्या दिवशी एका सवाष्णीला जेवू घालतात. खालच्या मजल्यावरच्या बाईंना सांगितले होते. त्या साडेबाराला येणार होत्या. पान मांडून झाले होते. खीर, वडे, आमसुलाची चटणी. गवार मुलीने केली होती. आम्ही दोघे त्या पानासमोर बसून होतो आणि तेव्हा मी बोललो. आतुराला नियम नसतो, हे मला तेव्हाही ठाऊक होते, असे सांगितले. मी शास्त्र पाहिले नव्हते. मी घाबरलो होतो, असे सांगितले. इतके शब्द उच्चारायला मला फार वेळ लागला.

मुलगी पानातली मिठाची वाटी सरळ करीत होती. "मला माहीत होतं, बाबा."

"कसे?"

"त्या वर्षीच्या उन्हाळ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या बायपासच्या वेळी तुम्ही फोनवर त्यांना हेच सांगत होतात. मी इथेच इस्त्री करत होते. तुम्ही म्हणालात, अमावास्या असू दे नाहीतर काही असू दे, आजारी माणसाला नियम नाही."

"मग त्या संध्याकाळी तू मला का सांगितले नाहीस?"

तिचा हात वाटीवर थांबला. "तुम्ही पितृपक्ष म्हणालात आणि मला सुटल्यासारखं वाटलं. मी कचेरीत कुणालाही थांबू देत नाही. पण ती चक्की असते. आईला ऑपरेशनच्या त्या दारातून आत नेणार, याची मला भीती वाटत होती. तुम्ही बारा दिवस मागितलेत, मी घेतले. सही दोघांची आहे."

तिला काही सांगावे म्हणून मी मनात शोधले. एवढ्या वर्षांच्या अध्ययनात अशा प्रसंगाचे वचन असेलच. मला ते आठवले नाही.

"एक गोष्ट तुमच्यापासून लपवली आहे," ती म्हणाली. उठून आत गेली आणि निळ्या कापडाची, दोन बंदांची लहान पिशवी घेऊन आली. ती आमच्या घरातलीच होती, पण मला ती कित्येक दिवसांत दिसली नव्हती.

"आईच्या पलंगाखाली होती. तेराव्यानंतर केर काढताना सापडली. तिने ही त्याच दिवशी भरली असणार, आपण रुग्णालयातून आलो त्या दुपारी. तुम्ही पंचांग उघडायच्या आधी. वर सोमवारची दाखल व्हायची चिठ्ठी आहे." मग ती म्हणाली, "ती घाबरली नव्हती, बाबा. ती तयार होती. आपण दोघे घाबरलो होतो."

मी पिशवी मांडीवर घेतली. चिठ्ठीखाली दोन गाऊन होते, कंगवा होता, कुंकवाची डबी होती, चष्म्याचे घर होते. त्यांच्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी होते. उलगडले. माझे धूतवस्त्र होते, नीट घडी केलेले. त्यात माझी प्रवासातली लहान पळी आणि पंचपात्री, आणि प्लास्टिकच्या डबीत भस्म. रुग्णालयात तिच्यापाशी बसताना माझी संध्या चुकू नये म्हणून तिने ते बांधून घेतले होते.

खालच्या मजल्यावरच्या बाई आल्या. मुलीने दार उघडले, त्यांना पाटावर बसवले आणि वाढायला सुरुवात केली.